पाय भारी

नर्सबाईंनी पट्टीचं टोक सोडवलं आणि पहिल्याच वेढ्याला त्यांच्या बोटांना चिखल लागला. दुसरा वेढा सोडला, तिसरा सोडला. आतला कापूस भिजून जखमेला चिकटून बसला होता. त्यावर कोमट पाण्याची धार धरून त्यांनी तो हळूहळू सुटा केला, वाकून जखम पाहिली आणि मग मान वर करून जयवंताकडे पाहिलं. जयवंताने पदराचं टोक दातांत धरून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"वाढली," नर्सबाई म्हणाल्या. "मागल्या खेपेला लिंबाएवढी होती. आता बघा."

जयवंताने पाहिलं नाही. पाय तिचाच होता, न पाहताही तिला कळत होतं.

डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला ती जखम तीन पावसाळे मुक्काम ठोकून होती. सुरुवात अगदी साधी, पानमळ्यातल्या एका खुंटाने खरचटलं एवढंच. बाकीच्या बायकांचं असलं खरचटणं चार दिवसांत बुजतं. हिचं बुजायचं विसरून गेलं. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, एरंडेल लावून गरम केलेलं विड्याचं पान झालं. पानांना तर त्या घरात तोटाच नव्हता. जखम सगळ्यांचा पाहुणचार घेत राहिली आणि भोवतालची कातडी काळी पडत गेली.

"मी मागेच सांगितलं होतं," नर्सबाई नवा कापूस घडी करत म्हणाल्या. "रोग जखमेत नाही, पायात आहे. या शिरा बघा कशा फुगल्यात. खाली उतरलेलं रक्त वर चढत नाही, तिथंच साचतं. म्हणून पाय उंच करून निजायचं, घट्ट पट्टी बांधायची, चिखलात जायचं नाही. सांगितलं होतं की नाही?"

"सांगतलं होतं जी."

"मग?"

जयवंता काय सांगणार? अंजनगावच्या, पानमळे करणाऱ्या त्या बारी कुटुंबात बाज एकच होती आणि ती ओसरीवर सासऱ्यांची, किसनरावांची होती. सून माणसाने दिवसाढवळ्या पाय पसरून पडावं, तेही सासू-सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे, असलं काही त्या घराने पाहिलेलं नव्हतं. आणि दुसरीकडे मळा. नागवेलीला देवी मानणारी ती माणसं. मळ्यात चप्पल घालून कोणी शिरत नाही, मग बाहेर कितीही चिखल असो. नागवेलीला विटाळ चालत नाही, म्हणून घरातली कोणती बाई कोणत्या दिवशी मळ्यात येणार नाही हे किसनरावांच्या न विचारता ध्यानात असे, आणि त्या दिवशी ते मुकाट्याने कामाची वाटणी बदलून टाकत. मळ्यातली काडीदेखील त्यांना बाहेर गेलेली खपत नसे. विहिरीच्या काठाची वीट ढिली झाली तरी ते स्वतः चुना कालवून ती बसवत. तसा माणूस काही वाईट नव्हता, फक्त त्याच्या जगात बसायला जागा कमी होती.

नर्सबाई साताऱ्याकडच्या. नाव वच्छला, पण गाव नर्सबाई म्हणत होतं तेच त्यांचं नाव झालं होतं. बादशहाची तसबीर आणि एक लांब बाक एवढाच थाट असलेल्या अंजनगावच्या दवाखान्यात त्यांची नेमणूक होती. डॉक्टर बाकापुढच्या रांगेत गुंतलेले असत आणि या गल्लोगल्ली फिरून बाळंतिणी पाहत, आणि ज्या जखमा लाजेपायी दवाखान्यापर्यंत येत नाहीत त्यांच्याकडे आपणच जात.

त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगते. हे हाडाला लागलं तर अमरावतीला न्यावं लागेल. तिथं पाय ठेवतील की काढतील, माझ्या हातात नाही."

जयवंताच्या दातांतून पदर सुटला.

"तोडतेत?"

जयवंताने दोन्ही हातांनी आपली पोटरी धरली.

"दुपारपासून पाय भारी होऊन राह्यते बाई," ती म्हणाली. "असा भारी, का उचलल्या जात नाही. सांगू कोनाले? मामाजीले मी कशी सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

नर्सबाईंना एक खोड होती. माणसांशी त्यांच्याच बोलीत बोललं तर अर्धं काम सोपं होतं, असं त्यांचं मत होतं आणि म्हणून त्या शब्द वेचत फिरत. 'मले', 'तुले', 'काहून' कधीच जमा झाले होते. आता त्यांनी जयवंताचा शब्द उचलला, पट्टी बांधून हात धुतले आणि तडक ओसरीवर गेल्या.

किसनराव बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"तुमच्या सुनेबद्दल बोलायचं आहे," नर्सबाई म्हणाल्या.

अडकित्ता थांबला. सुनेबद्दल परक्या बाईने येऊन बोलावं, हे त्या ओसरीवर पहिल्यांदाच घडत होतं.

"त्यांचा पाय भारी झाला आहे."

नर्सबाईंच्या गावी बाईला दिवस जातात. वऱ्हाडात बाईचा पाय भारी होतो. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. बाळंतिणी त्या रोज पाहत, पण तोवर जे भारी व्हायचं ते होऊन गेलेलं असे आणि कोणी तो शब्द काढत नसे.

किसनराव समोरच्या खांबाकडे बघत राहिले. जयवंता चाळिशीला टेकली होती. थोरली लेक सुभद्रा परतवाड्याला दिलेली, तिचंच पहिलं लेकरू रांगायला लागलं होतं.

"असं," किसनराव शेवटी म्हणाले.

"असं म्हणून चालणार नाही. मळा बंद, चूल बंद. पाय उंच ठेवून निजून राहायचं. संक्रांतीपर्यंत तरी धरून चाला. या वयात हे सोपं नसतं. हयगय कराल तर जिवावर बेतेल."

एकेक वाक्य खरं होतं, आणि एकेक वाक्य भलत्याच ठिकाणी जाऊन बसत होतं. आत जयवंताने ते ऐकलं आणि तिचे कान तापले. दारामागे तिची सासू मनकर्णाबाई सूप हातात घेऊन उभ्या होत्या. सुपातले दाणे हलायचे थांबले होते.

नर्सबाई पुढच्या घराकडे गेल्या. जयवंता भिंतीला धरून उठली.

"आत्याबाई, तसं नाही ते. बाई पायाचं बोलून राहिली होती. माया पाय..."

"चूप राय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गल्लीले आयकू जाईन."

"पन आत्याबाई..."

"चूप राय म्हनलं ना वं."

एवढं बोलून त्यांनी सूप ठेवलं, ओसरीवर गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा जी. बाज आत न्या लागते."

किसनराव उठले. स्वतःच्या हाताने त्यांनी बाजेचं एक टोक धरलं. सासरे आत आले म्हणून जयवंता डोक्यावर पदर ओढून कोपऱ्यात सरकली; बाज आतल्या खोलीत ठेवून ते तिच्याकडे न पाहता निघून गेले. त्या दिवसापासून ते ओसरीवर चटई टाकून निजू लागले.

खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं, ही समजूत चुकीची असते. जयवंताने तोंड उघडलं नाही एवढंच, आणि खोटं आपल्या पायांनी गल्लीभर फिरून आलं. शेजारची गोदाबाई चिंचा घेऊन आली. दुसरी एक बोरं घेऊन आली. बोरांचा तो मोसमही नव्हता, कुठून पैदा केली कोण जाणे. जयवंताचा नवरा शालिकराम पानांचे करंडे छोट्या आगगाडीने मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्याच्या बाजाराला नेत असे. त्याला ही बातमी स्टेशनावरच कळली. घरी आल्यावर तो दारात उभा राहून बायकोकडे नुसता बघत राहिला.

"कवा?" त्याने विचारलं.

जयवंताने त्याला खरं काय ते सांगितलं. शालिकराम आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"आता बाबाले कोन सांगन?"

"तुमी."

"मी? मी नाही बाप्पा."

आणि तो पुढच्या खेपेला अकोल्यात एक मुक्काम जास्त करून आला.

जयवंता बाजेवर पडून राहू लागली. पहिले दिवस तिला काट्यावर निजल्यासारखे गेले. चुलीपुढे म्हातारी सासू फुंकर घालत बसलेली आणि आपण पाय उशीवर ठेवून आढ्याचे वासे मोजायचे, याची तिला भयंकर लाज वाटे. या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती, पण दिवसा त्या खोलीत वरून ऊन कसं येतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. दुपारी कौलाच्या फटीतून एक तिरीप भिंतीवर उतरे आणि सरकत सरकत कोनाड्यापर्यंत जाई. मग तिला ते बघायला आवडू लागलं. आवडतं आहे हे कळल्यावर पुन्हा लाज वाटली. पडल्या पडल्या ती टोपलीतली पानं निवडी, डागाळलेली बाजूला काढी, देठाला देठ लावून रचून ठेवी. संध्याकाळी पाय भारी होईनासा झाला, आणि घरात तोच एकटा हलका झालेला होता.

मग गोदाबाई चोरचोळी घेऊन आली.

तिसऱ्या महिन्यात शेजारणीने गुपचूप हिरवी चोळी द्यायची, ही तिकडची रीत. बातमी फुटते तेव्हा तिसरा लागलेलाच असतो, असा गोदाबाईचा हिशोब. गोदाबाईने पदराआडून चोळी काढली तेव्हा जयवंताच्या तोंडचं पाणी पळालं. पोटात काही नसताना ओटीत चोळी घ्यायची म्हणजे गोदाबाईला फसवायचं, आणि त्याहून वर ज्या देवाच्या नावाने ती देतात त्याला फसवायचं. ती हात पुढे करेना.

"ठेव ते," मनकर्णाबाई चुलीपासून म्हणाल्या. "तिच्या पोरीले लेकरू झालं, आन हिले चोरचोळी? लोकं हासतीन. नजर लागते अशानं."

"मी म्हनलं, रीत आहे तं..."

"रीत जवान पोरींची. हिची नाही."

गोदाबाई चोळी घेऊन परत गेली. जयवंताने सुटकेचा श्वास सोडला, पण तो पुरता सोडवेना. सासूला खरंच तसं वाटतं आहे, की म्हातारी आपल्याला वाचवते आहे, हे तिला उमजत नव्हतं. विचारायची छाती नव्हती. आणि एक दिवस जवळ येत चालला होता, तो ती मनातल्या मनात पुढे ढकलत होती. तो काही तिने ढकलून थांबणारा नव्हता.

तो आला सकाळीच. जयवंता उठली, गोणपाट घेतलं आणि कोणाला काही न सांगता मागच्या पडवीत जाऊन बसली. आजवर दर महिन्याला ती तिथंच बसत आली होती. त्या पडवीसमोरून गल्लीतल्या बायका पाण्याला जात. तिथं बसलेली बाई म्हणजे वेशीवर पिटलेली दवंडी. आता सगळं उघडं पडणार होतं. बाज ओसरीवर जाईल, पट्टीला पुन्हा चिखल लागेल, आणि नंतर अमरावती. जखमेच्या कडेने तेव्हा कुठे लाल दाणा धरू लागला होता. नर्सबाई मागल्या खेपेला पहिल्यांदा हसल्या होत्या. जयवंताला रडू आलं. जमिनीवर बसल्यामुळे पाय खाली होता, आणि तो घोट्यातून ठणकू लागला.

मनकर्णाबाई घागर घेऊन मागल्या दाराने बाहेर आल्या. सुनेला पाहून थांबल्या. घागर खाली ठेवली.

"उठ," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी बाहेरची झाली."

"दिसते मले. आंधळी नाही मी. उठ, आत जाऊन बाजीवर निज."

जयवंताला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. विटाळाच्या दिवसांत घागरीला तिचा पदर लागला म्हणून याच सासूने अख्खी घागर ओतून दिलेली होती.

"देवघर हाय आत. चूल हाय."

"देवाले मी सांगतो काय सांगाचं ते. त्याचं-मायं जुनं हाय." मनकर्णाबाईंनी गल्लीकडे पाहिलं. बायका अजून यायच्या होत्या. "तू इथं बसली तं गल्ली पाहीन आन पायबी खालीच राहीन. उठ लवकर."

जयवंता उठली नाही.

"तुमाले ठाव होतं?"

मनकर्णाबाई तिच्यासमोर बसल्या आणि आपलं लुगडं घोट्यावरून वर ओढलं. सुरकुतलेल्या पायावर, अगदी त्याच जागी, आतल्या अंगाला एक काळा, चकचकीत, बोटभर रुंद व्रण होता. इतकी वर्षं जयवंता त्या पायांना वाकून नमस्कार करत आली होती. नमस्कार करणारा पायाचा पंजा पाहतो, घोटा पाहत नाही.

"तीन पोरी झाल्या तरी हे वाहेच," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मंग शालिकराम झाला. पोरगा झाला म्हून मायी सासू खुश. सव्वा महिना मले बाजीवरून खाली पाय टेकू देल्ला नाही. भरून आलं. औषध नाही, पानी नाही, आपसूक भरलं. तवाच मले समजलं." त्यांनी लुगडं खाली केलं. "जखमेले कोनी सुट्टी देत नाही वं. पोटाले देतेत. त्या बाईनं आपल्या तोंडानं सुट्टी देल्ली, ते मी काहून वापस करू?"

जयवंताने डोळे पुसले.

"मामाजीले समजन."

"त्याईले काय समजते? मानूस हाये ते."

जयवंता उठली, आत गेली आणि बाजेवर निजली. सासूने उशी तिच्या पायाखाली सारली आणि तिला न शिवता, पण अगदी जवळून, भाकरीची परडी बाजेवर ठेवली. त्या दिवशी देवघरापुढे मनकर्णाबाई बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते देव जाणे.

त्यानंतर काही दिवसांनी जयवंता न्हाणीतून परत आली तर बाजेचा पायथा उंच झालेला होता. खुरांखाली दोन्हीकडे काहीतरी ठेवलं होतं, गोणपाटात घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेलं. उशी रात्री घसरून पडायची, ते दुखणं मिटलं. सासूनेच केलं असणार म्हणून जयवंता काही बोलली नाही. सासूही काही बोलली नाही.

जखम भरत गेली. ती सरळ भरली असंही नाही. दिवाळीच्या सुमाराला एकदा पुन्हा पाणी धरलं, नर्सबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, मीठ घातलेल्या उकळलेल्या पाण्याने त्या रोज येऊन जखम धुऊ लागल्या. मग ते थांबलं. तळाला डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस आलं, कडेने पांढुरकी पातळ कातडी आत सरकू लागली. आज बघावं तर तेवढीच, आणि आठ दिवसांनी बघावं तर जखम लहान. बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी कशी आवळायची ते जयवंता स्वतः शिकली. आधी सैल बसे, नंतर इतकी झकास बसू लागली की नर्सबाई ती सोडायच्या आधी क्षणभर बघत राहत. मधल्या महिन्यांत तो दिवस पुन्हा पुन्हा आला आणि पुन्हा पुन्हा जयवंता बाजेवरच राहिली. तिचं पोट काही वाढत नव्हतं, मनकर्णाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पांघरूनात काय दिसते?" आणि कोणी जास्त विचारू लागलं की त्याला पानं मोजायला बसवत.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा नर्सबाईंनी पट्टी सोडली आणि कापूस उचलला. कापूस कोरडा होता. खाली जखम नव्हती. गुलाबी, पातळ, नव्या पानासारखी तुकतुकीत कातडी होती. नर्सबाईंनी अंगठ्याने कडेने दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"इथं?"

"नाही जी."

"झालं मग," नर्सबाई म्हणाल्या आणि जयवंताचा पाय मांडीवर तसाच धरून बसून राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते. इतक्या गल्ल्या फिरून त्यांनी किती जखमा बांधल्या असतील, पण अशी पुरती मिटलेली त्यांच्याही वाट्याला क्वचितच येत होती. जयवंता आपल्या पायाकडे बघत होती. त्या पायाचा तिला अभिमान वाटत होता, आणि पायाचा अभिमान वाटू शकतो हे तिला आजच कळत होतं.

नर्सबाई उठल्या आणि ओसरीवर गेल्या. मधल्या महिन्यांत त्यांच्या संग्रहात भर पडली होती. गावातली दाई गंगूबाई एका घरून बाहेर येऊन आनंदाने जे बोलली होती ते त्यांना फार आवडलं होतं, ते त्यांनी राखून ठेवलं होतं.

"किसनराव," त्या म्हणाल्या, "तुमची सून मोकळी झाली."

वऱ्हाडात बाळंतीण सुटते तेव्हा असं सांगतात. आत मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला आणि धावत दाराशी आल्या.

किसनराव चटईवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता या खेपेला थांबला नाही.

"पोट्टं झालं का पोट्टी?" त्यांनी विचारलं.

नर्सबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

"पाय झाला," त्या म्हणाल्या. "साजरा, भरलेला."

"असं," किसनराव म्हणाले. सुपारीची खांडं त्यांनी तळहातावर घेतली. "मंग पानं वाटा. कवळी पाहून वाटा, घरोघर."

आता कुठे नर्सबाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्या मटकन ओसरीच्या पायरीवर बसल्या, लाल झाल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बाई. मी तेव्हा काय बोलून बसले होते?"

"बराबर बोलल्या होत्या तुमी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बसा. च्या ठेवतो."

पानं जयवंतानेच वाटली. पायाला पट्टी होती, नर्सबाईंनी ती पुढेही बांधायला सांगितली होती, पण पहिल्या घरी गोदाबाईने "कशाची पानं वं?" म्हणून विचारलं तेव्हा जयवंताने तिच्या ओसरीवर बसून सगळी पट्टी उलगडली. गोदाबाई आधी बघत राहिली, मग चोरचोळी आठवून तिने जयवंताच्या पाठीत एक धपका घातला, आणि मग हसू आवरेना म्हणून तिथंच बसली. गल्लीतल्या बायका जमल्या. वाकून वाकून पाहू लागल्या. एक म्हणाली हात लावू का, दुसरीने न विचारताच लावला. ज्या घोट्याची वास येतो म्हणून तीन वर्षं चोरी होती, तो घोटा भर दुपारी गल्लीच्या मधोमध होता आणि जयवंता तो मागे घेत नव्हती.

घोळक्याच्या मागे माणिकबाई उभी होती. शेवंतीच्या वावरात दिवसभर उभी राहणारी, फारसं न बोलणारी बाई. बाकीच्या पांगल्यावर ती जवळ आली आणि लुगड्याचा काठ जरासा वर केला. गुडघ्याखाली फडकं बांधलेलं होतं, पिवळं पडलेलं.

"तुया त्या बाईले मायाकडं धाडजो," ती म्हणाली, आणि डोळे वर करून पाहिलं. "माया घरच्याईले सांग म्हना, मायाबी पाय भारी झाला."

जयवंता घरी आली ती रिकामी टोपली झुलवत. आता बाज ओसरीवर परत न्यायची म्हणून तिने पायथ्याचा खूर उचलून धरला, खालचा गोणपाटाचा गठ्ठा ओढून काढला आणि सुतळी सोडली. आत वीट होती. घरच्या भिंतीतल्या विटेसारखी नाही. रुंद, चपटी, जुनी, एका कडेला चुन्याचा थर आणि त्या थरावर बोटांनी निरपून काढलेल्या रेघा. मळ्यातल्या विहिरीवर ती इतकी वर्षं पाणी भरत आली होती. त्या काठावर असा चुना कोण लावतं हे तिला ठाऊक होतं, आणि तिथली वीट दुसरं कोणी उपटायला धजलं नसतं हेही.

वीट हातात धरून ती बसून राहिली. घरातल्या बायकांचे दिवस न विचारता ध्यानात ठेवून दर महिन्याला मळ्यातल्या कामाची वाटणी बदलणाऱ्या माणसाने बाजेची आणि चटईची ही वाटणी मात्र एकदाही बदललेली नव्हती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला. किसनराव दाराकडे पाठ करून उभे होते. सुनेशी ते थेट कधी बोलले नव्हते आणि आजही बोलले नाहीत. आत चुलीपाशी बसलेल्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "तिले सांग, इटा काढू नको म्हना. शिरा पुन्हा भरतेत."

मग त्यांनी चटई झटकली आणि ओसरीवर, बाजेच्या जुन्या जागी, अंथरली.